दवाखान्याचे भांडवल आणि रुग्णाचा खिसा

आरोग्याच्या सदरात आज भांडवल, व्याज, भाग, परतफेड असे शब्द वाचून नवल वाटेल. ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब सोडून डॉक्टर पतपेढीच्या गोष्टी का सांगू लागले, असा प्रश्न कोणीही विचारील. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते की आजार बरा होण्यासाठी औषध माहीत असणे पुरेसे नसते. ते औषध, ते यंत्र आणि ते चालवणारा माणूस रुग्णाच्या आवाक्यात असावा लागतो. तो आवाका गावापासूनच्या अंतरावर ठरतो, दरावर ठरतो, आणि ही दोन्ही अखेरीस एकाच गोष्टीवर ठरतात. दवाखाना कोणाच्या पैशाने उभा राहिला आणि तो पैसा कोणत्या अटीवर आला, ही ती गोष्ट.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या देशात पैशाचा एक नवा मार्ग रुळला आहे. लोकोपयोगी सेवा देणाऱ्या संस्थेला देणगी न देता तिच्यात गुंतवणूक करायची, म्हणजे संस्थेने सेवा वाढवावी, हिशेब चोख ठेवावा आणि पैसा हळूहळू परत करावा, अशी ही रीत आहे. तिचे फायदे काय, धोके काय, आणि आपल्या बारामती-इंदापूर भागातल्या माणसाने तिच्याकडे कसे पाहावे, हे आज समजून घेऊ.

डायलिसिसचे उदाहरण

उदाहरण डायलिसिसचे घेऊ. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागते. साधारणपणे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. एका वेळेला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने जवळजवळ १२० लिटर अतिशुद्ध पाण्याचे द्रावण यंत्रातून जाते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी त्याला चालत नाही. म्हणून यंत्राआधी पाणी शुद्ध करणारा संच लागतो, वीज गेली तर जनित्र लागते, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो आणि वर देखरेखीला तज्ज्ञ डॉक्टर लागतो. कावीळ ब असलेल्या रुग्णासाठी यंत्र वेगळे ठेवावे लागते.

रुग्णाने एखादी पाळी चुकवली तर अंगात पाणी साठते, धाप लागते, रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. काही वेळा माणूस दगावतो. म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ ही सवलत या आजारात नाही.

आता अंतराचा हिशेब करा. बारामतीहून पुणे साधारण १०० किलोमीटर. आठवड्यातून दोनदा जायचे म्हटले तर वर्षाला १०४ खेपा आणि जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. बरोबर एक नातेवाईक हवाच. म्हणजे दोघांचे भाडे आणि दोघांचा बुडालेला रोजगार. उपचार फुकट असला तरी वर्षभरात घरातली एखादी गाय विकली जाते आणि मग पाळ्या चुकू लागतात. आता डायलिसिस तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागले आहे ही मोठी सोय झाली. तरी पळसदेवच्या किंवा बावड्याच्या रुग्णाला तेवढ्यासाठीही आठवड्यातून दोन-तीनदा घर सोडावेच लागते. सेवा जितकी जवळ येईल तितकी माणसे वाचतील, हे सांगायला पुस्तक नको.

दान वस्तूला मिळते, पगाराला मिळत नाही

मग दानशूर मंडळींनी यंत्रे द्यावीत, असे कोणी म्हणेल. ती देतातही. आपल्याकडे दानाची परंपरा मोठी आहे. वडिलांच्या स्मरणार्थ रुग्णवाहिका, आईच्या नावाने खाटा, मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त यंत्र, अशा पाट्या गावोगावी दिसतात. पण दान बहुधा दिसणाऱ्या वस्तूला मिळते. रुग्णवाहिकेच्या चालकाचा पगार, डिझेल, टायर, विमा यांना देणगी द्यायला कोणी पुढे येत नाही. तंत्रज्ञाच्या पगारावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. यंत्राच्या वार्षिक देखभालीच्या कराराला समारंभ होत नाही. परिणामी वाहन शेडमध्ये उभे राहते आणि यंत्रावर चादर पडते.

दुसरी अडचण अशी की देणगी एकदा येते. पुढच्या वर्षी दाता तोच असेल आणि तेवढेच देईल याची खात्री नसते. डायलिसिसचा रुग्ण मात्र पुढच्या वर्षीही तोच असतो, आणि त्याच्याबरोबर चार नवे येतात.

सामाजिक उद्योग म्हणजे काय

सामाजिक उद्योग हा यातून निघालेला मार्ग आहे. ही संस्था सेवा विकते, दर आकारते, हिशेब ठेवते आणि शिल्लकही काढते. पण तिचा मूळ हेतू मालकाचा नफा वाढवण्याचा नसतो, गरजूंना सेवा पोहोचवण्याचा असतो. शिल्लक पुन्हा सेवेतच जाते किंवा मर्यादित प्रमाणात गुंतवणूकदाराला मिळते. कायद्याने ती न्यास असेल, सहकारी संस्था असेल, नफा न वाटणारी कंपनी असेल किंवा साधी खासगी कंपनीही असेल.

ही कल्पना आपल्याला परकी वाटायला नको. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्यांनी भाग घेतले, सरकारने भागभांडवल दिले, वित्तसंस्थांनी कर्ज दिले. कारखाना चालला म्हणून कर्ज फिटले, आणि पुढे त्याच परिसरात लोणीला रुग्णालय आणि १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. मुंबईत दादरला डॉ. रणदिवे यांच्या पुढाकाराने साठच्या दशकात ‘शुश्रूषा’ हे सहकारी रुग्णालय नागरिकांच्या भागांतून उभे राहिले. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. सुगीच्या दिवसांत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात सवलतीत उपचार घ्यायचे. भांडवल म्हणजे नेहमी नोटाच असतात असे नाही.

कागदावरचा हिशेब

गुंतवणुकीच्या अटींनी काय फरक पडतो हे पाहण्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा पाच यंत्रांचे डायलिसिस केंद्र काढायचे आहे. यंत्रे, पाणी शुद्धीकरण, जनित्र, खोल्या मिळून ५० लाख रुपये लागले. प्रत्येक यंत्रावर रोज दोन रुग्ण, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ६० पाळ्या. त्यात वीस ते तीस रुग्णांची सोय होते. सुट्या आणि बिघाड वजा जाता वर्षाला सुमारे ३,००० पाळ्या धरू. पगार, साहित्य, वीज, पाणी सगळा खर्च भागून एका पाळीमागे २०० रुपये उरले, तर वर्षाची शिल्लक ६ लाख होते.

आता ५० लाख १२ टक्के व्याजाने आणले तर पहिल्या वर्षाचे व्याजच ६ लाख. शिल्लक सगळी व्याजात जाते, मुद्दल एक रुपयानेही फिटत नाही. मग व्यवस्थापनापुढे दोनच वाटा उरतात, दर वाढवायचा किंवा साहित्यात काटकसर करायची. पहिल्यात गरीब रुग्ण गळतो, दुसऱ्यात सगळ्यांनाच जंतुसंसर्गाचा धोका.

तेच ५० लाख ४ टक्क्यांनी मिळाले तर सुमारे साडेदहा वर्षांत फिटतात. फिटतात खरे, पण तोवर यंत्रे जुनी होऊन बदलायला येतात.

तिसरी रीत पाहा. निम्मे म्हणजे २५ लाख देणगीतून आले आणि उरलेले २५ लाख ४ टक्क्यांनी घेतले, तर पाच वर्षांच्या आत कर्ज फिटते. बँकेच्या १२ टक्क्यांनी घेतले तरी सहा वर्षांच्या आसपास फिटते. त्यानंतरची शिल्लक नवे केंद्र काढायला किंवा निर्धन रुग्णांचा दर कमी करायला मोकळी होते. देणगीचा एक रुपया असा दुसरा एक रुपया ओढून आणतो.

या हिशेबात एक मुद्दा दडलेला आहे. पाळ्या भरल्या नाहीत, यंत्रे निम्मी रिकामी राहिली, तर पगार आणि वीज तेवढीच राहून शिल्लक नाहीशी होते. म्हणून गुंतवणूकदार पहिला प्रश्न विचारतो, यंत्र दिवसातून किती तास चालते? हा प्रश्न रुग्णाच्याही हिताचा आहे. देणगीदार समारंभानंतर सहसा तो विचारत नाही.

पैशाच्या जाती

ऊस घालणाऱ्या वाचकांना या पैशाच्या जाती समजायला अवघड नाहीत.

देणगी म्हणजे बिनपरतीची ठेव. उसाच्या बिलातून कापली की ती परत येत नाही, पण कारखाना उभा राहतो.

कर्ज म्हणजे परतीची ठेव. मुदत आणि व्याज ठरलेले. सेवा चालो न चालो, हप्ता भरावाच लागतो.

भागभांडवल म्हणजे कारखान्याचा शेअर. संस्था चालली तर वाटा, बुडाली तर नुकसान, आणि कारभारात बोलायचा हक्क.

यात आणखी एक जात आली आहे, धीराचे भांडवल. इंग्रजीत त्याला ‘पेशंट कॅपिटल’ म्हणतात. इथे पेशंट म्हणजे रुग्ण नव्हे, धीर धरणारे. असा गुंतवणूकदार सात-दहा वर्षे थांबायला तयार असतो, बाजारापेक्षा कमी परताव्यावर समाधान मानतो आणि पैशाबरोबर व्यवस्थापनाचा सल्लाही देतो. अमेरिकेत २००१ मध्ये जॅकलीन नोवोग्राट्झ यांनी काढलेला अ‍ॅक्युमेन फंड या प्रकारचा आहे. मुंबईत त्याच वर्षी विनीत राय यांनी सुरू केलेली ‘आविष्कार’ ही संस्थाही ग्रामीण आणि छोट्या गावांतल्या उद्योगांत पैसा घालण्यासाठीच निघाली.

मुंबईची १२९८

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण रुग्णवाहिकेचे आहे. अपघात झाला की टेम्पो, जीप, रिक्षा जे मिळेल त्यात रुग्णाला घालायचे आणि रुग्णवाहिका बहुतेक वेळा मृतदेह नेण्यासाठीच बोलवायची, अशी आपल्याकडची जुनी रीत होती. काही तरुणांनी मुंबईत २००५ मध्ये १२९८ या क्रमांकावर सुसज्ज रुग्णवाहिका देणारी सेवा सुरू केली. कंपनीचे नाव झिकित्झा हेल्थ केअर.

त्यांच्या दराची पद्धत साधी आणि हुशारीची होती. रुग्णाला खासगी रुग्णालयात न्यायचे असेल तर पूर्ण भाडे, सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात न्यायचे असेल तर सवलतीचे भाडे, आणि रस्त्यावरच्या अपघातातील बेवारस जखमींना फुकट. रुग्णाचे उत्पन्न विचारायला दाखला नको, रुग्णालयाचे नाव पुरे. ऐपत असलेल्याच्या भाड्यातून गरिबाची खेप निघायची.

पण थोड्या गाड्यांवर ही सेवा लंगडी होती. गाडी लांबून यायला वेळ लागला तर लोक पुन्हा टेम्पोच पकडतात. गाड्या वाढवायच्या तर भांडवल हवे, आणि अशा धंद्याला तारण काय देणार? २००७ मध्ये अ‍ॅक्युमेन फंडाने या कंपनीत १५ लाख डॉलर गुंतवले. त्यातून गाड्या आणि यंत्रणा वाढली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात जखमींना नेण्यासाठी या गाड्या धावल्या. पुढे कंपनीने बिहार, पंजाब, ओडिशा अशा राज्यांत सरकारी कंत्राटावर रुग्णवाहिका चालवल्या.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. राजस्थानातील १०८ सेवेच्या कंत्राटात खेपांच्या बिलांवरून तक्रारी झाल्या आणि २०१५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. आपण एवढाच बोध घ्यावा की जिथे सार्वजनिक पैसा खेपा मोजून दिला जातो, तिथे खेपांची नोंद बाहेरच्या माणसाने तपासलीच पाहिजे. हेतू चांगला आहे म्हणून हिशेबाला सूट नाही.

आपल्या राज्यात १०८ ची मोफत सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. ती सरकारच्या पैशाने. सामाजिक उद्योगाने रुग्णवाहिकेची चाल दाखवावी आणि सरकारने ती राज्यभर न्यावी, हा क्रम देशात अनेक ठिकाणी दिसला. छोट्या प्रयोगाला लावलेल्या भांडवलाचा हाही एक उपयोग आहे.

छोट्या गावांतली रुग्णालये आणि मदुराईचा धडा

शेजारच्या कर्नाटकात दोन तरुण डॉक्टरांनी २००५ मध्ये हुबळीत ‘वात्सल्य’ नावाने रुग्णालय काढले आणि पुढे गदग, विजापूर अशा गावांत नेले. मोठ्या शहरांऐवजी आपल्या बारामतीसारखी गावे निवडायची, बाळंतपण, बालरोग, शस्त्रक्रिया, सर्वसाधारण वैद्यक अशा रोजच्या गरजेच्या शाखा ठेवायच्या, संगमरवर आणि वातानुकूलनावर पैसा घालवायचा नाही, अशी त्यांची आखणी होती. आविष्कारसह काही गुंतवणूकदारांनी त्यात पैसा घातला, म्हणून एका रुग्णालयाची साखळी झाली. छोट्या गावात खाट स्वस्त पडते, पण तज्ज्ञ डॉक्टर टिकवणे महाग पडते. या प्रकारच्या रुग्णालयांची खरी कसोटी तिथेच लागते.

याउलट मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले. बाहेरचा गुंतवणूकदार घेतला नाही. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून पैसे न देऊ शकणाऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या, शिल्लक राहील तसे मजले चढवले. डोळ्यात बसवायचे भिंग परदेशातून येई आणि महाग पडे. म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब ही स्वतःची कारखानदारी काढली आणि भिंगाची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. भांडवल आतूनही उभे राहते, वेळ मात्र जास्त लागतो, हा मदुराईचा धडा.

जिथे गुंतवणूक चालत नाही

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. गुंतवणूक तिथेच चालते जिथे सेवेचे पैसे देणारा कोणीतरी आहे. मग तो रुग्ण असो, विमा असो वा सरकार. आरोग्याची निम्मी कामे अशी आहेत की त्यांचे बिल कोणाच्या नावाने फाडताच येत नाही.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावातल्याच बायकांना, त्यात निरक्षरही होत्या, शिकवून आरोग्यसेविका केले. गरोदर बाईची तपासणी, बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, शौचाची स्वच्छता, सुरक्षित बाळंतपण ही कामे त्यांनी केली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाने मुले मरायची थांबली. पण जे मूल आजारीच पडले नाही त्याचे बिल कोणाला पाठवायचे? अशा कामाला देणगी आणि सरकारी पैसा हाच आधार. जो गुंतवणूकदार इथेही परतावा मागेल, तो प्रतिबंधाचे काम बंद पाडून उपचाराचे दुकान वाढवील.

यावर एक नवा उपाय राजस्थानात करून पाहिला गेला. २०१८ मध्ये तेथील छोट्या खासगी प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठी ‘उत्कृष्ट’ नावाचा रोखा निघाला. एका परदेशी प्रतिष्ठानाने आधी पैसा घातला, संस्थांनी प्रसूतिगृहांना प्रशिक्षण दिले, आणि दर्जा खरोखर सुधारला हे त्रयस्थाने तपासल्यावरच दुसऱ्या दात्यांनी तो पैसा परत करायचा असे ठरले. काम झाले नाही तर नुकसान गुंतवणूकदाराचे. यात पैसा खाटेला किंवा इमारतीला न मिळता निकालाला मिळतो. कल्पना चांगली आहे. मात्र मोजता येईल तेवढेच काम केले जाते आणि न मोजता येणारे मागे पडते, हा तिचा धोका.

सामाजिक शेअर बाजार

अलीकडे वर्तमानपत्रांतून ‘सामाजिक शेअर बाजार’ हा शब्द येतो. २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, २०२२ मध्ये सेबीने नियम केले आणि २०२३ च्या डिसेंबरात पहिल्या संस्थेची नोंद झाली. यातला मुख्य रोखा ‘शून्य व्याज, शून्य मुद्दल’ या प्रकारचा आहे. नाव रोखा असले तरी यात व्याजही मिळत नाही आणि मुद्दलही परत येत नाही. म्हणजे ही आपली बिनपरतीची ठेवच. फरक इतकाच की संस्थेला कामाचा अहवाल नियमाने प्रसिद्ध करावा लागतो. सुरुवातीला किमान रक्कम २ लाख रुपये होती. ती आधी १०,००० वर आणि २०२५ मध्ये १,००० वर आणली गेली. देणगी म्हणून हा मार्ग चांगला आहे. म्हातारपणाची पुंजी लावण्याचा हा मार्ग नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा.

तसेच ‘रुग्णालय काढतो आहोत, पैसे गुंतवा, दरमहा दोन टक्के देऊ’ असे कोणी सांगत आले तर सावध व्हा. दरमहा दोन टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के. वरच्या हिशेबात १२ टक्क्यांनीच केंद्राचा श्वास कोंडला होता. २४ टक्के देणारे रुग्णालय एकतर रुग्णाला लुबाडील किंवा ठेवीदाराला बुडवील. अशा ठेवींसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षणाचा कायदा आहे आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदीचा कायदाही आहे. पण कायदा बहुधा पैसे गेल्यावर आठवतो.

आपण काय विचारावे

गावात एखादी संस्था रुग्णालय, डायलिसिस केंद्र, रुग्णवाहिका किंवा पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प घेऊन आली, तर ग्रामसभेत, पतसंस्थेत किंवा मंडळाच्या बैठकीत पुढील प्रश्न जरूर विचारावेत.

१. उभारणीचा पैसा कोणाचा? देणगी किती, कर्ज किती, भाग किती?

२. व्याज किती आणि मुदत किती? पहिली काही वर्षे हप्त्याला सूट आहे का?

३. चालवण्याचा रोजचा खर्च कशातून निघणार? चालक, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचा पगार लिहून दाखवा.

४. दरपत्रक दर्शनी भागात लावणार का? निर्धन रुग्णासाठी किती जागा?

५. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेत संस्था सहभागी होणार का? त्या योजनेचे पैसे यायला उशीर झाला तर रुग्णाला परत पाठवणार का?

६. गुंतवणूकदार पाच-सात वर्षांनी आपला वाटा विकून गेला तर नवा मालक हेच दर पाळेल, असे करारात लिहिले आहे का?

सहावा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि पुढे तोच महागात पडतो. पहिल्या गुंतवणूकदाराचा धीर दुसऱ्याला असेलच असे नाही.

आणखी एक हक्काची गोष्ट. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना आपल्या राज्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णांच्या बिलातील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करण्याची पद्धत आहे. पुण्याला मोठ्या रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा आणि तेथील समाजसेवकाला आधी भेटा. हीही लोकांच्या पैशातून उभी राहिलेली सोयच आहे. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

बारामतीला २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सरकारी रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा कार्यकर्त्या हा आपल्या आरोग्याचा पाया आहे आणि तो पायाच राहिला पाहिजे. सामाजिक उद्योग त्यावर एखादा मजला चढवू शकतो. पाया खचत असताना मजल्याचे भांडवल गोळा करण्यात अर्थ नाही.

शेवटी डॉक्टर म्हणून दोन शब्द. मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. ज्यांना यांपैकी काही आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नये. अंगदुखीच्या, गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. त्यांनीही मूत्रपिंडे खराब होतात. या तपासण्यांना काहीशे रुपये लागतात, सरकारी दवाखान्यात त्याहून कमी. डायलिसिस केंद्र जवळ यावे यासाठी गावाने प्रयत्न करावाच. पण आपल्या घरातल्या माणसाला त्याची गरज पडू नये, यासाठी या आठवड्यातच तपासणी करून घ्या.